‘एकदा तरी म्हणावं, चुकलं माझं’

मी कौटुंबिक समुपदेशन करते. पितृपक्ष लागला की माझ्याकडे एका ठरावीक तक्रारीचे फोन वाढतात. फोन करणारे बहुतेक चाळिशीतले पुरुष. वडील हयात असतात, पण बोलणं बंद. आजोबांचं श्राद्ध घालताना मनात येतं, उद्या वडिलांचं काही बरंवाईट झालं तर कुठल्या तोंडानं उभा राहणार? आणि त्याला चिकटूनच पुढचं वाक्य येतं, “पण मॅडम, मीच का आधी जायचं? त्यांनी एकदा तरी म्हणावं ना, चुकलं माझं.”

या ‘एकदा तरी’बद्दल मला सुधीर आणि अण्णांची गोष्ट सांगायची आहे. नावं आणि काही तपशील बदलले आहेत, दोघांची परवानगी घेतली आहे.

सुधीर त्रेचाळीस वर्षांचा, चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कराडजवळच्या गावी एकटे राहतात. आई असेपर्यंत दोघांचे निरोप तिच्यामार्फत जायचे. तिचं तेरावं झालं आणि घरात एकदम शांतता झाली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बापलेकांची हीच कथा आहे. भांडण जुनंच असतं, आई ते झाकून ठेवत असते.

सुधीर बसल्या बसल्या म्हणाला, “दर महिन्याला पैसे पाठवतो मी. आणखी काय हवं?” मी म्हटलं, “त्यात तुम्ही कुठंच कमी पडला नाहीत.” आईवडिलांच्या निर्वाहासाठी 2007 सालचा कायदा आहे, मुलानं नाकारलं तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण निर्वाहाचा हिशोब आणि मनातला हिशोब वेगळ्या वह्यांत लिहायचे असतात. सुधीर पहिली वही नीट ठेवत होता आणि दुसरी उघडायला तयार नव्हता.

उघडली तेव्हा मात्र ती भरलेलीच निघाली. अण्णांचा मार, आईनं लोकांच्या शेतात केलेली मजुरी, तिच्या आजारपणात केलेली चालढकल. मी बरेच दिवस फक्त ऐकलं. इथं घाई करणारे सल्लागार नातेवाईकांत पुष्कळ असतात, ‘झालं गेलं विसर’ म्हणणारे. माझ्या मते त्या वाक्यानं जितकी नाती अडली आहेत तितकी भांडणांनीही अडली नसतील.

मग एकदा विचारलं, “समजा अण्णा आत्ता या खुर्चीत बसून म्हणाले, ‘माझं सगळं चुकलं, मला माफ कर.’ तर?”

सुधीर हसला. “खोटं वाटेल. सुटका करून घेतायत असं वाटेल.”

“मग कशाबद्दल बोललेले खरं वाटेल?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “ताईच्या लग्नातलं.”

2000 साली तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. पहिल्या वर्षी बहात्तर टक्के. दुसऱ्या वर्षाची फी भरली गेली नाही, कॉलेज सुटलं. अण्णांनी कारण सांगितलं नाही आणि विचारायची त्या घरात सोय नव्हती. त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न. सुधीर पंगतीत बुंदी वाढत होता आणि मागे अण्णा पाहुण्यांना सांगत होते, “त्याचं डोकंच चालेना, दिलं सोडून.”

“मी नापास झालो नव्हतो, मॅडम,” सुधीर म्हणाला. पंचवीस वर्षांनंतरही तो मला मार्कलिस्ट दाखवायच्या तयारीत होता.

त्या क्षणी मला गाठ सापडली, आणि हे मी थोड्या समाधानानं लिहिते आहे. सुधीरला अण्णांची माफी हवी आहे असं त्याला आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होतं. त्याला हवी होती साक्ष. जे घडलं ते तसंच घडलं, असं एका माणसानं म्हणणं, आणि तो माणूस एकच होता. पुढे इतर घरांतही मला हेच दिसत गेलं. अख्ख्या बालपणाची माफी कुणालाच मागता येत नाही आणि मागितली तरी घेता येत नाही. एका दिवसाबद्दल मात्र बोलता येतं.

मी कुटुंबाकडे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांच्या नजरेतून पाहते. त्यांचं एक म्हणणं मला रोज कामी येतं: घराशी संबंध तोडल्यानं माणूस घरातून सुटत नाही, राहून गेलेलं प्रकरण पुढच्या घरात जातं. सुधीरच्या बायकोनं सहज सांगितलं, “मुलाची फी हे महिनाभर आधी भरतात. पण मार्क कमी पडले की ओरडतात, डोकं नाही का तुला?” अण्णांचं वाक्य चाकणच्या फ्लॅटमध्ये पोचलं होतं. हे सुधीरला दाखवलं त्या दिवशी तो अण्णांना बोलवायला तयार झाला.

अण्णा लेकीबरोबर आले, आधी एकटेच माझ्याशी बोलले. “पोराची गाऱ्हाणी ऐकायला एवढ्या लांब आलो का मी?” मी गाऱ्हाणी सांगितलीच नाहीत. फक्त विचारलं, “त्या वर्षी फी का राहिली?”

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. अण्णा पतपेढीच्या कर्जाला एका सहकाऱ्याचे जामीन राहिले होते. तो हप्ते न भरता परागंदा झाला आणि वसुली जामीनदाराच्या पगारातून सुरू झाली. सहकारी संस्थांच्या 1960च्या कायद्यातच पगारातून कपातीची सोय आहे, त्यामुळे आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या कितीतरी घरांत ही जामीनकी शिरलेली असते. हातात निम्मा पगार येऊ लागला. बायकोलाही त्यांनी सांगितलं नाही.

“चार माणसांत मी फसलो म्हणून सांगू? पोरगं लहान होतं. वाटलं, विसरंल.”

मी म्हटलं, “कारण कळलं, अण्णा. पण त्याची किंमत कुणी भरली?”

“त्यानं.”

कारण सांगून झाल्यावर बहुतेक वडील इथं थांबतात, आणि कारणालाच कबुली समजतात. मुलाला ते सबब वाटतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काय केलं ते सांगायचं, ‘का’ नंतर, आणि तेही मुलानं विचारलं तर.

दोघं समोरासमोर बसले तेव्हा अण्णा म्हणाले, “कॉलेज तू सोडलं नाहीस. मी फी भरली नाही. आन् मांडवात खोटं बोललो.” माफी हा शब्द आलाच नाही. सुधीरनं विचारलं, “कर्ज किती होतं?” अण्णांनी आकडा सांगितला. “मला सांगायचं होतं, मी सुट्टीत कामाला गेलो असतो.” त्यावर अण्णा म्हणाले, “तुझ्यापुढं मान खाली घालायची तयारी नव्हती.” एवढ्यावर त्या दिवशीचं बोलणं थांबलं, मीही ते पुढे रेटलं नाही.

तुमच्या घरी असंच काही असेल तर आधी तो एक दिवस शोधा. कागदावर लिहा: कुठे, कुणासमोर, कोण काय म्हणालं. ‘तुम्ही नेहमीच’ असं वाक्य निघालं तर ते खोडून पुन्हा लिहा. मग ठरवा की वडिलांनी ऐकून कानावर हात ठेवले तर आपण काय करणार. याचं उत्तर तयार नसेल तर इतक्यात जाऊ नका. दवाखान्यात खाटेशेजारी किंवा लग्नाच्या मांडवात हे काढू नका, आणि बहिणीच्या हाती निरोप तर मुळीच देऊ नका.

क्षमा आणि समेट यांची गल्लत करू नका. क्षमेचा अनेक वर्षं अभ्यास केलेले रॉबर्ट एनराइट हे दोन्ही वेगळे धरतात. क्षमा एकट्यानं करता येते, समेटाला दोघं लागतात. वडील हिंसक असतील, अजूनही त्रास देत असतील, तर दूर राहणं रास्त आहे, आणि लोकलाजेस्तव भेटायला जायची गरज नाही. एकट्यानं झेपत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर, 14416 या क्रमांकावर, विनामूल्य बोलता येतं, मराठीतही.

वडील हे वाचत असतील तर त्यांना एवढंच: वाक्यात ‘पण’ आला की तिथं थांबा. मुलगा रागावला तर रागावू द्या.

सुधीर या गणपतीला गावी गेला होता. मीच सांगितलं होतं की मुक्काम नको, जेवून परत या. परवा तो आला तेव्हा विचारलं, माफ केलं का?

“फीचं केलं,” तो म्हणाला. “आईच्या आजारपणाचं नाही अजून. ते कसं बोलायचं, ते विचारायलाच आलोय.”