आधी भाकर, मग शब्द

प्रश्न : नोकरी गेल्यापासून मैत्रीण खचली आहे. ‘विश्वास ठेव’ म्हटलं की ती आणखीच मिटते. काय बोलू?

उत्तर : ताई, ते वाक्य सध्या तिला दोष दिल्यासारखं ऐकू येत असेल. बायबलमध्ये (१ राजे १९) देवाचा संदेष्टा एलीया खचून रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत उपदेश करत नाही. दोनदा स्पर्श करून म्हणतो, ‘ऊठ, खा.’ ‘तू इथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न येतो तो ४० दिवसांच्या वाटचालीनंतर. माझी आई गेली तेव्हा बायबलची वचनं पुष्कळांनी ऐकवली. आठवते ती आमच्या चर्चमधली एक मावशी. रोज संध्याकाळी फोन करून विचारायची, ‘आज जेवलीस का?’ प्रार्थना जरूर करा, मैत्रिणीसमोर मात्र ती म्हणेल तेव्हाच. झोप उडाली असेल तर डॉक्टरांकडे सोबत जा. आज एवढंच विचारा, ‘येऊन बसू का?’