गाडी वीज विकेल तेव्हा विकेल, आईचं खातं आधी बघा

खारघरहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४१, नोकरी महापेला, घराचं कर्ज चालू. जुनी पेट्रोल गाडी काढून १८ लाखांची इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. शोरूममध्ये त्यांना सांगितलं की सरकारचं धोरण येतंय, बॅटरीतली वीज महावितरणला विकता येईल, महिन्याला ५ हजार सुटतील. त्यासाठी लागणाऱ्या दुहेरी चार्जरचे, म्हणजे गाडीत वीज भरणाऱ्या आणि परतही देणाऱ्या चार्जरचे, १५ हजार आगाऊ घेऊनही टाकले. प्रश्न एवढाच की गाडी आत्ता घेऊ, की धोरणाची वाट बघू?

पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे: "डाउन पेमेंटला आईचे ९ लाख आहेत. पोस्टातली सीनियर सिटिझन योजना चार महिन्यांपूर्वी मॅच्युअर झाली, पैसे तिथेच आहेत. विजेच्या पैशातून आईला दरमहा ६ हजार देत जाईन. ती नाही म्हणणार नाही."

विजेचं आधी उरकतो. गाडीतली वीज ग्रिडला परत देण्याचं तंत्र खरं आहे आणि चांगलंही आहे. २०११ च्या भूकंपानंतर जपानने गाडीच्या बॅटरीवर घर चालवण्याची सोय गांभीर्याने उभी केली. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, पण त्यातही तिथल्या ऊर्जा आयोगाला अशी सोय गाड्यांत सक्तीची करण्याचा अधिकार तेवढा दिला. मालकाला महिन्याला इतके पैसे मिळतील असं त्यात काही नाही. आपल्याकडे केरळच्या वीज मंडळाने आयआयटी मुंबईबरोबर पथदर्शी प्रकल्प हाती घेतला आहे. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात वाहनकराची माफी आहे, अटल सेतू आणि पुणे एक्सप्रेसवेवर टोलमाफी आहे. गाडीतून परत दिलेल्या युनिटला अमुक दर, असं मात्र आज महाराष्ट्रात काही ठरलेलं नाही. मग ५ हजारांचा आकडा आला कुठून?

हिशोब करा. रोज १५ युनिट परत दिले असं धरू. बॅटरीत भरताना आणि काढताना मिळून पाचातलं एक युनिट वाया जातं, म्हणजे विकत घ्यावे लागतील १९. युनिटला ९ रुपये धरले तर खर्च १७०. महिन्याला ५ हजार हवेत तर रोज वर १७० सुटायला हवेत. म्हणजे १५ युनिटांचे ३४०, युनिटला जवळपास २३ रुपये. देशाच्या वीजबाजारात, पॉवर एक्स्चेंजवर, नेहमीच्या व्यवहारांत टंचाईच्या वेळीही युनिटला १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. मोठे सौर प्रकल्प तर तीनेक रुपयांत किंवा त्याहून स्वस्तात वीज विकतात. तुम्हाला २३ कोण देणार? पूर्ण १० मिळाले तरी रोज २० रुपये तुमच्याच खिशातून जातील. स्वस्त वीज भरून महाग विकायची म्हणाल, तर दिवसा वीज स्वस्त असते तेव्हा गाडी महापेला कंपनीच्या पार्किंगमध्ये असते. आणि संध्याकाळी विजेला खरी मागणी येते तेव्हा ती सायन-पनवेल हायवेवर.

शोरूममध्ये गाडीच्या सॉकेटला मिक्सर लावून दाखवतात, ती सोय वेगळी. त्यावर वीज गेल्यावर घरातला फ्रिज आणि पंखे चालतील. महावितरणच्या मीटरमधून एक युनिटही परत जाणार नाही. हा फरक विकणाऱ्याला माहीत असतो, आणि तरीही तो गिऱ्हाइकाला ५ हजार सांगतो, याचा मला मनापासून राग येतो. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची करसवलत मिळेल असंही कोणी सांगेल. ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

आता आईच्या पैशांकडे या. तुम्ही ते विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातली खरी अडचण तीच आहे.

मुदत संपलेल्या खात्याला ना मुदतवाढ दिली, ना ते बंद केलं, तर त्यावर बचत खात्याचं ४ टक्के व्याज मिळतं. पाच वर्षं त्यांना ७.४ टक्क्यांनी तिमाहीला साडेसोळा हजार येत होते. आज ते ९ हजारांवर आले आहेत. तीन वर्षांची मुदतवाढ घेतली, तर मुदत संपली त्या दिवशीचा ८.२ टक्के दर लागू होईल, म्हणजे तिमाहीला साधारण साडेअठरा हजार. अर्ज मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत करता येतो आणि मुदतवाढ मुदत संपल्याच्या तारखेपासूनच धरली जाते, त्यामुळे चार महिन्यांचं फारसं नुकसान होणार नाही. उशीर मात्र आणखी करू नका.

तुम्ही आईला कबूल केलेले ६ हजार हे त्यांचंच व्याज आहे. मुदतवाढ घेतली तर ते सरकार देईल, पैसे गाडीत घातले तर तुम्ही देणार, तेही अस्तित्वात नसलेल्या विजेच्या कमाईतून. आणि मुद्दल? सात वर्षांनी १८ लाखांच्या गाडीचे ५ लाख आले तरी पुष्कळ. तुम्ही लिहिता की आई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा आरोग्य विमा नाही. आयुष्मान भारतचं ५ लाखांचं संरक्षण उत्पन्न न बघता मिळतं, पण सत्तरीनंतर. म्हणजे पुढची दोन वर्षं हे ९ लाख हाच त्यांचा दवाखाना आहे. त्या नाही म्हणणार नाहीत हे मला पटतं, आणि म्हणूनच हा विचार तुम्हालाच करावा लागेल. नोकरीला काही झालं तर त्या ६ हजारांसाठी त्या तुमच्याकडे हात पसरणार नाहीत, औषधं कमी करतील.

मग गाडी घ्यायचीच नाही का? घ्या, पण लहान. महापे जा-ये आणि इकडेतिकडे धरून महिन्याला हजार किलोमीटर होतात. पेट्रोलला सात हजार जात असतील, चार्जिंगला दीड हजार जातील. साडेपाच हजार इथेच वाचतात, कोणाच्या धोरणाची वाट न बघता. ११ लाखांपर्यंतची गाडी बघा. तुमच्या स्वतःच्या मुदत ठेवीतले ३ लाख भरा आणि ८ लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी घ्या. ९ टक्के व्याजाने हप्ता साडेसोळा हजार बसेल. पेट्रोलची बचत वजा केली की ११ हजार. हा हप्ता घराच्या हप्त्यासोबत झेपत नसेल, तर वर्षभर जुनीच गाडी चालवा. सोसायटीत चार्जिंग पॉइंट मिळतोय का, हे बुकिंगच्या आधी कमिटीकडून लेखी घ्या. त्यावाचून हा सगळा हिशोब बसत नाही.

या आठवड्यात एक दिवस अर्धी सुट्टी काढा. आईंना बरोबर घेऊन पासबुक, पॅन आणि आधार घेऊन पोस्टात जा, मुदतवाढीचा अर्ज भरा, वारस नोंद आहे ना तेही तपासा. चार्जरचे १५ हजार ईमेल करून परत मागा आणि ५ हजारांच्या कमाईचा दावा लेखी द्या म्हणावं. तो दावा ते लेखी देणार नाहीत. पैसे द्यायलाही टाळाटाळ केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.