मुंबईचा पहिला विमानतळ सांताक्रूझ की जुहू?

जुहू. १९२८ मध्ये सुरू झालेला हा देशातला पहिला नागरी विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथेच उतरले, एका इंजिनाच्या पस मॉथ या छोट्या विमानातून. पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेलं. प्रवासी नव्हे, पत्रं हाच तेव्हाचा धंदा.

जुहूची खोड एकच, जागा. समुद्राला लागून सखल खाजण, त्यामुळे पावसाळ्यात धावपट्टीवर चिखल आणि पाणी. टाटांना पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवावा लागे.

सांताक्रूझचा, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाचा, तळ आधी ब्रिटिश हवाई दलाचा. १९४८ च्या सुमारास नागरी वाहतूक तिकडे गेली. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं लंडन विमान मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हा करत.

गंमत म्हणजे दोन्हींच्या मुख्य धावपट्ट्या शेजारी आणि जवळपास एकाच दिशेच्या: जुहूची ०८/२६, सांताक्रूझची ०९/२७ (हे आकडे धावपट्टीची होकायंत्रावरची दिशा सांगतात). परिणामी १९५३ मध्ये एक कॉमेट हे ब्रिटिश जेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जेट चुकून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं. आता तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं.

सांताक्रूझला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान उतरत असताना दुसरीवरून सोडता येत नाही. नवी मुंबईच्या विमानतळाची गरज पडली त्याचं हे एक कारण. तिथली प्रवासी सेवा डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाली.