ताकाचिहोच्या दरीतला राक्षस

प्रश्न: जपानच्या ताकाचिहो दरीत राक्षसाने फेकलेला दगड आहे म्हणतात, काय भानगड आहे?

उत्तर: आहे ना! क्युशू बेटावर मियाझाकीत गोकासे नदीची ही दरी, आसो ज्वालामुखीतून आलेला गरम राखेचा आणि वायूचा लोट थंड होताना तडकला म्हणून कडे उभ्या खांबांसारखे दिसतात, त्यात 17 मीटरचा मानाई धबधबा. दगड किहाची नावाच्या राक्षसाचा, साधारण 200 टनांचा, ताकद दाखवायला फेकला म्हणे. मिकेइरी देवाने त्याला मारलं तर पठ्ठ्या परत जिवंत, मग तुकडे करून वेगवेगळे पुरले, तरी शापाने वेळेआधीच दव गोठून पिकं जायला लागली, म्हणून आता त्याचीच पूजा करतात. आधी मारायचं, मग मनवायचं, भारीच! दरीत होडीने फिरायचं असेल तर बुकिंग आधी बघा, पाणी वाढलं की होड्या बंद ठेवतात.