एका झाडाच्या बियांवरून जनुकांचा नकाशा

प्रश्न : मी वनशास्त्र शिकतेय. पिकांमध्ये दोन शुद्ध वाणांचा संकर करतात आणि दुसऱ्या पिढीवरून जेनेटिक मॅप (गुणसूत्रांवर जनुकं म्हणजे जीन कुठे आहेत त्याचा नकाशा) काढतात एवढं समजलंय. पण पाइन, स्प्रूस यांना बी धरायलाच कित्येक वर्षं लागतात आणि शुद्ध वाण तर नसतातच, मग यांचा मॅप काढतात कसा? आणि आता अख्खा जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, वाचता येतो तर मॅप हवाच कशाला?

उत्तर : प्रश्न आवडला, कारण याचं उत्तर त्या झाडांच्या बीमध्येच आहे. पाइन-स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडाची बी उघडली की गर्भाभोवती जो पांढरा गर दिसतो ना, त्याला मेगागॅमेटोफाइट म्हणतात. फुलझाडांच्या बीमधल्या गरात आई-बाप दोघांचा वाटा असतो, इथे मात्र तो फक्त आईकडचा, आणि त्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. वर तो आणि अंडपेशी दोघं एकाच मेगास्पोरपासून (आईच्या एकेरी संचाच्या पेशीपासून) तयार होतात, म्हणजे आईने त्या बीला नेमकं काय दिलं ते गराचा डीएनए तपासला की सरळ कळतं, बापाची सरमिसळच नाही.

मग काय, एकच झाड घ्यायचं, त्याच्या शंभरेक बिया घ्यायच्या, प्रत्येकीचा गर वेगळा काढून मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या ओळखखुणा, तपासायचे. आईकडे एखाद्या मार्करची दोन रूपं असतील तर साधारण निम्म्या बियांत एक येतं, निम्म्यांत दुसरं. दोन मार्कर गुणसूत्रावर जवळजवळ असतील तर ते बहुतेक बियांत सोबतच दिसतात, लांब असतील तर त्यांची ताटातूट जास्त वेळा होते, आणि शंभरात एखाद्या वेळी ताटातूट झाली तर अंतर सुमारे १ सेंटीमॉर्गन धरतात. संकर नाही, दुसऱ्या पिढीची वाट बघणं नाही. १९९२ मध्ये व्हाइट स्प्रूसच्या एकाच झाडावरून असा मॅप काढला गेला, तोही आरएपीडी मार्कर वापरून (यात डीएनएच्या कुठल्याही भागांच्या प्रती काढतात आणि चाचणीत त्यांची पट्टी दिसते का ते बघतात). या मार्करला डीएनए अगदी थोडा लागतो पण एरवी त्याची मोठी अडचण अशी की पट्टी दिसली तर प्रत एक आहे की दोन हे कळत नाही. इथे संचच एक, त्यामुळे ती अडचण आपोआप सुटली! नंतर एसएसआर (डीएनएचा छोटा तुकडा किती वेळा सलग आला ते बघणारे) आले, आता मुख्यतः एसएनपी (डीएनएच्या एकाच अक्षराचा फरक) वापरतात, कारण आरएपीडीचे निकाल एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये तसेच येतील याची खात्री नसते.

आणि हो, रोप पण हवं असेल तर बी आधी रुजू द्या, मूळ बाहेर आलं की गर काढून घ्या, रोप वाढत राहतं.

आता जीनोमचं. नॉर्वे स्प्रूसचा जीनोम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे २,००० कोटी बेस जोड्या (डीएनएची अक्षरं), माणसाच्या सहापटीहून जास्त, आणि त्यातला फार मोठा भाग तेच तेच डीएनए पुन्हा पुन्हा आलेला, त्यामुळे वाचलेले तुकडे हजारो-लाखोंच्या संख्येने सुटे राहिले. कुठला तुकडा १२ पैकी कुठल्या गुणसूत्रावर आणि कुणाच्या शेजारी, हे ठरवायला मॅप खूप कामाला येतो. मात्र एक लक्षात ठेवाच, जीनोम एवढा अवाढव्य असूनही मॅपची लांबी साधारण दोन हजार सेंटीमॉर्गनच्या आसपासच भरते. म्हणजे सरासरी १ सेंटीमॉर्गनमागे एक कोटीच्या घरात बेस जोड्या! मार्कर मॅपवर जीनला चिकटलेला दिसला म्हणून जीन हाताशी आला असं मुळीच नाही.

प्रश्न : मार्कर बघून लहानपणीच चांगली रोपं निवडता येतात का?

उत्तर : काही बाबतीत हो. शुगर पाइनमध्ये ब्लिस्टर रस्ट या बुरशीजन्य रोगाला रोखणारा सीआर१ हा एक प्रबळ जीन आहे, नव्वदच्या दशकातच त्याच्याजवळचे मार्कर सापडले. पण एकाच जीनवर भिस्त ठेवू नका, त्याला चकवणाऱ्या बुरशीच्या जातीही आहेत. वाढ, लाकडाची घनता वगैरे गुणांमागे तर पुष्कळ जीन असतात, प्रत्येकाचा वाटा छोटा, आणि एका कुटुंबात जुळलेला मार्कर दुसऱ्या कुटुंबात कामाचा ठरेलच असं नाही. म्हणून हल्ली एकेका मार्करमागे न लागता हजारो मार्कर एकत्र धरून अंदाज बांधतात, त्याला जीनोमिक सिलेक्शन म्हणतात. माझ्या मते लांब पल्ल्याच्या झाडांसाठी हाच रस्ता बरा, फक्त ज्या झाडांवर अंदाज बसवला त्यांच्याच नात्यातली रोपं हवीत.

प्रश्न : पाइनमध्ये क्लोरोप्लास्ट बापाकडून येतो, हे खरं का?

उत्तर : खरंय. क्लोरोप्लास्ट (पेशीतला हिरवा भाग, त्याला स्वतःचा डीएनए असतो) परागकणातून येतो, आणि मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) आईकडून. म्हणून ठरवून संकर केला असेल तर रोपाचे क्लोरोप्लास्ट मार्कर आधी तपासा, ठरलेल्या बापाशी जुळले नाहीत तर बाहेरचा पराग शिरलाय, ते रोप मॅपिंगमधून वगळा.