चालता धंदा सोडून अख्खं कुटुंब परदेशात सेवाकार्याला गेल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहे. अमेरिकेतले मिलार्ड आणि लिंडा फुलर.

मिलार्ड हा अलाबामातला वकील. भागीदारासोबत टपालाने पाककृतींची पुस्तकं वगैरे विकून तिशीच्या आतच तो लखपती नव्हे, दशलक्षाधीश झाला. पण घरी वेळ शून्य. 1965 साली लिंडा वैतागून न्यूयॉर्कला निघून गेली. समेट झाला तो एका अटीवर म्हणा हवं तर: धंद्यातला हिस्सा, घर, सगळं विकायचं आणि पैसा दान करायचा. (आपल्याकडे असं कुणी केलं तर आधी सासरे मध्यस्थीला येतील!)

मात्र ते लगेच विमानात बसले नाहीत, हे लोक सांगायला विसरतात. जॉर्जियातल्या कोइनोनिया या शेतीवरच्या वसाहतीत त्यांनी गरिबांसाठी घरं बांधण्याची पद्धत बसवली: नफा नाही, व्याज नाही, हप्त्यांतून परत आलेल्या पैशातून पुढची घरं. मग 1973 मध्ये चार मुलांना घेऊन ते झाईरला, म्हणजे आजच्या काँगोतल्या म्बान्डाका गावी गेले आणि तीच पद्धत तिथे वापरली.

तीन वर्षांनी परतल्यावर, 1976 साली, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही त्यांची घरबांधणीची संस्था सुरू झाली. 2006 मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर लोणावळ्याजवळ घरं बांधायला आले होते ना, ते याच संस्थेतर्फे.

शेवट मात्र गोड नाही. 2005 मध्ये संचालक मंडळाने संस्थापकालाच काढलं. नवराबायकोने त्याच वर्षी घरबांधणीचीच दुसरी संस्था काढली.