परवाना मध्य प्रदेशचा, वायरिंग जैसलमेरचं

प्रश्न : मी सुदामा नगर, इंदूरला राहतो. माझ्याकडे मध्य प्रदेशचा विद्युत ठेकेदार परवाना आहे. जैसलमेरहून समकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका तंबूंच्या रिसॉर्टचं वायरिंग, पॅनल आणि अर्थिंग ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण करून दिलं. बिल 14,20,000 रुपये. त्यात माल 9,60,000 आणि मजुरी 4,60,000. मिळाले 6,00,000. बाकी मागितली की मालक म्हणतात, ‘तुमच्याकडे राजस्थानचं लायसन्सच नाही, करार बेकायदा आहे, जा कोर्टात.’ वीजजोडणीचा लोड वाढवायला त्यांना परवानाधारक ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट हवाय. तिथला एक परवानाधारक चाळीस हजारांत सही द्यायला तयार आहे. रिपोर्ट आला की पैसे सोडतो, असं मालक म्हणतात. पुढे तिकडचाच परवाना काढून काम वाढवावं का?

उत्तर : आधी त्या चाळीस हजारांचं सांगतो. देऊ नका. ज्याने तुमच्या कामाला हातही लावला नाही, तो ‘हे काम मी केलं’ असं लिहून देणार आणि तुम्ही त्याला त्याचे पैसे देणार. आज तुमची अडचण पैशांची आहे. ती सही घेतलीत की खोट्या दाखल्याची होईल. उद्या तंबूला आग लागून कोणी दगावलं, तर निष्काळजीपणाने मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तपासात पहिला कागद तोच निघेल. सरळ वाट वेगळी आहे. त्या ठेकेदाराला रीतसर नेमा, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून सगळ्या सर्किटची तपासणी करू द्या, जिथे बदल हवा तिथे तो करेल आणि रिपोर्टात खरं तेच लिहील. हा खर्च मालकाने द्यायचा की तुम्ही, हे वाटाघाटीत ठरवा.

आता मालकांचा मुद्दा. तो पोकळ नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम (2010 चे, त्यांच्या जागी आता 2023 चे) सांगतात की ग्राहकाच्या जागेतलं विद्युत काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, परमिटधारक वायरमनकडून करून घ्यायचं. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारख्या किरकोळ कामालाच सूट. शब्द नीट पाहिले तर प्रमाणपत्र आणि परमिट राज्याने ‘दिलेलं किंवा मान्य केलेलं’ चालतं. ठेकेदाराच्या परवान्याला ती मोकळीक नाही. म्हणजे तुमच्या पर्यवेक्षकाच्या कागदाला राजस्थानात मान्यता मिळू शकते, पण भोपाळहून मिळालेल्या परवान्यावर जैसलमेरचं काम चालत नाही. इथे इंदूरला पोलो ग्राउंडच्या वीज कंपनीच्या ऑफिसात ज्या कागदाला मान आहे, त्याला तिथे जोधपूर वीज वितरण निगम विचारणार नाही.

पण करारात खोट आहे म्हणून फुकट वापरायचा हक्क मालकाला मिळत नाही. करार कायदा 1872 चं कलम 70 म्हणतं की कोणी फुकट देण्याचा हेतू नसताना दुसऱ्यासाठी काही केलं आणि त्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर ठेकेदाराला पैसे मिळवून दिले. अडचण एका शब्दात आहे : कलमात ‘कायदेशीररीत्या’ असं लिहिलंय, आणि समोरचा वकील बोट त्यावरच ठेवणार. म्हणून सगळा दावा या एकाच खुंटीला टांगू नका.

तुमचं नशीब, तुम्ही बिलात माल आणि मजुरी वेगळी दाखवली. केबल, डीबी (वितरण पेटी), एमसीबी (आपोआप बंद होणारा स्विच) विकायला विद्युत परवाना लागत नाही. मिळालेले सहा लाख सगळे मालाकडे वळते केले तरी मालाचे 3,60,000 उरतात, आणि त्यांना परवान्याच्या वादाची झळ फारशी लागत नाही. महारानी रोडवरची खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), साइटवर माल उतरल्याची पावती काढून ठेवा. मजुरीचे 4,60,000 कलम 70 खाली मागायचे; तिथे थोडी तडजोड करावी लागेल, हे मनात धरून चला. तुमच्या कोटेशनवर मध्य प्रदेशचा परवाना क्रमांक छापलेला असेल तर उत्तमच. मालकाने तो वाचून काम दिलं, तुम्ही काही लपवलं नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकतेय. अर्थिंगचं रीडिंग (जमिनीचा विद्युत रोध; आकडा जितका कमी तितकं चांगलं) तुम्ही ऑगस्टमध्ये घेतलं असणार. वाळवंटात जो काही पाऊस पडतो तो त्याच सुमाराला, तेव्हा ओली वाळू चांगलं रीडिंग देते. मे महिन्यात तोच अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की आकडा चढतो. केबलचंही तसंच. 40 अंशांच्या हिशेबाने निवडलेली पीव्हीसी केबल 50 अंशांत जवळजवळ पाचवा भाग क्षमता गमावते, आणि तंबूच्या कापडाखाली तर विचारू नका. दावा लावताच मालक ‘काम निकृष्ट आहे’ म्हणून उलट मागणी करतील. त्याआधी कोरड्या दिवसांत जाऊन, मालकाला लेखी कळवून, रीडिंग पुन्हा घ्या आणि अर्थिंग कमी पडतंय तिथे जादा खड्डे करून द्या, पण त्या परवानाधारकाच्या हातूनच.

जीएसटीही तपासा. जागा राजस्थानात, म्हणून या कामावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी) लागतो. सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातल्या व्यवहाराचा) लावला असेल तर मालकाला नोटीस जाण्यापूर्वी सीएकडून दुरुस्त करून घ्या.

कोर्टाचं थोडक्यात. मुदत काम संपल्यापासून तीन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2027. रक्कम तीन लाखांच्या वर असल्याने हा वाणिज्यिक दावा. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थी बंधनकारक आहे, आणि तिचा काळ मुदतीत धरत नाहीत. वर्क ऑर्डरमध्ये ‘न्यायक्षेत्र जैसलमेर’ असं लिहिलेलं नसेल आणि पैसे इंदूरला द्यायचे ठरले असतील तर इथेच दावा लावता येईल. उद्यम (लघुउद्योग) नोंदणी कामाआधीची असेल तर इथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या परिषदेचा) विचार करता येतो, पण वायरिंगसारखा वर्क्स काँट्रॅक्ट (माल आणि मजुरी एकत्र असलेला करार) तिथे बसतो का यावर हायकोर्टांत मतभेद आहेत. मी त्यावर वेळ घालवणार नाही.

राहिला तिकडच्या परवान्याचा प्रश्न. अर्जाची फी हा त्यातला सगळ्यात किरकोळ खर्च. पर्यवेक्षक पगारावर, परमिटवाले वायरमन, मेगर आणि अर्थ टेस्टर, आठ-नऊशे किलोमीटरची ये-जा, कामगारांचा राहण्या-जेवण्याचा भत्ता. आणि तिथला धंदा ऑक्टोबर ते मार्चचा. मालकाच्या हातात पैसा येतो तो सीझनमध्ये, तुम्हाला काम मिळतं सीझनच्या आधी. मधले महिने भांडवल तुमचंच अडकतं. वर्षाला अशी चार-पाच कामं हातात पक्की नसतील तर मी परवाना काढायला सांगणार नाही. तोपर्यंत माल इंदूरहून विका आणि बसवण्याचा करार राजस्थानच्या परवानाधारकाने मालकाशी थेट करू द्या.

वर्क ऑर्डर, कोटेशन आणि मालकांचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज (विशेषतः ‘रिपोर्ट आला की पैसे सोडतो’ हा, बाकी असल्याची ती कबुलीच आहे) प्रिंट काढून घेऊन या. नोटीस त्या मेसेजपासूनच सुरू करू.